चाकं हलल्यावर

पगार चाकं हलल्यावर सुरू होतो.
हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
अण्णांना वाटलं, मी थट्टा करतेय.
छत्तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात रिव्हेट ठोकले त्यांनी.
फाटकात कार्ड टोचलं की दिवस त्यांचा,
मग लाइट जावो, पत्रा न येवो,
साहेब दौऱ्यावर म्हणून सगळं शॉप पत्ते कुटत बसो.

"आणि धुक्यात अडकलीस तर?"
"तर अडकले."

आज अडकलेय.
जानेवारी. निफाडकडून रात्रभर सरकत आलेलं पांढरं.
धावपट्टीचं दुसरं टोक नाही,
रामशेज तर नाहीच नाही.
टर्मिनलमध्ये एकेचाळीस प्रवासी,
त्यातला एक दर पाच मिनिटांनी काचेशी येऊन
माझ्याकडे बघतो, जणू मीच सोडलंय हे धुकं.

कॅप्टन बेलसरे थर्मासचा चहा झाकणात ओततात.
"चाळीस तास तर धरलेलेच आहेत ना महिन्याचे,
उडा नाहीतर बसा. धुकं त्यातच आलं."
अकरा वर्षं ते हे सांगतायत.
सांगून झालं की झाकणात बघत राहतात.

माझा नंबर होता एकसष्ट.
दिवाळीत तिघं गेले, मोठ्या कंपनीत, जेटवर.
त्यातल्या धात्रकनं बाँड तोडायला नवी गाडी विकली
आणि रिक्षानं एअरपोर्टला आला, शेवटच्या दिवशी, पेढे घेऊन.
मी झाले अठ्ठावन्न.
तीन पेढे, तीन पायऱ्या.
मी काही केलं नव्हतं, फक्त गेले नव्हते.

परवा पत्र आलं.
कमांडसाठी निवड. खांद्यावर चौथी पट्टी.
पगार जवळजवळ दुप्पट.
थांबल्याचा बोनस, चार हप्त्यांत,
मध्येच सोडलंत तर व्याजासकट परत.
आणखी तीन वर्षांचा बाँड.
बेस नाशिक नाही.
(हे बारीक अक्षरात नव्हतं. ठळक होतं. मीच दोनदा वाचलं.)

पाच तारखेला ट्रेनिंगच्या कर्जाचा हप्ता जातो.
अण्णांचा शेवटचा पगार जेवढा होता
बरोबर तेवढा.
हे आम्हा दोघांनाही माहीत आहे
आणि जेवताना आम्ही चटणीबद्दल बोलतो.

घर दहाव्या मैलावर.
आमच्या गच्चीवरून माझं विमान उठताना दिसतं.
कारखान्याची एक जुनी डायरी आहे त्यांच्याकडे,
रकाने त्यांनी स्वतः आखलेत, पट्टी लावून:
उडाली. थांबली.
कंपनीच्या कागदात दुसरा रकाना नाही.

काल रात्री चष्मा पुसून त्यांनी बेरीज केली,
जवळ कागद नव्हता म्हणून
माझ्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीनं.
तीनशे बारा तास, वीस मिनिटं.
"हे कुणाकडे मागायचं गं?"
विचारलं अगदी साधं,
पूर्वी स्टोअरवाल्याला विचारायचे तसं,
की एवढे रिव्हेट कमी आले, लिहायचे कुणाच्या नावावर.
आई आतून म्हणाली, "झोपा आता. तिला चारला उठायचंय."

ते पत्र आता माझ्या बॅगेत आहे.
सही करून पाठवलं तर मागचा आकडाही जाईल.
खोडता येईल. खोडरबर घरात आहे.
खोडला नाही अजून.

नऊ सदतीस.
कंपाउंडची भिंत दिसली, मग जानोरीची पाण्याची टाकी,
मग एकदम सगळंच,
जणू कधी काही नव्हतंच.
प्रवासी बसले. दारं लागली.
डावा पंखा फिरला, उजवा फिरला,
खाली पोऱ्या ठोकळे ओढून बाजूला झाला.

"सही केलीस?" बेलसरे विचारतात, समोर बघत.
"चेकलिस्ट," मी म्हणते.

दहा वाजून चार.
चाकं हलली.
दहाव्या मैलावर कुणीतरी
पट्टी सरकवून
पेन्सिल दुसऱ्या रकान्यातून उचलली असेल.